वाकलेली फळी आणि घाईत वाढलेले झाड

पुस्तकांत रमणाऱ्या माणसाला घरात दोन गोष्टींची धास्ती असते : एक वाळवीची आणि दुसरी 'वाचून लगेच परत करतो' म्हणणाऱ्या स्नेह्यांची. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी तिसरीची भर पडली. चार वर्षांपूर्वी हौसेने करून घेतलेल्या कपाटाची मधली फळी शब्दकोशांच्या खंडांखाली झोळीसारखी खाली आली!

मिस्त्रींना बोलावले. त्यांनी फळी काढली, तिचे टोक उजेडाकडे धरले आणि म्हणाले, "सर, ही एकेक रेघ म्हणजे झाडाचं एकेक वर्ष. जुन्या सागात नखाएवढ्या जागेत चार-पाच रेघा सापडतील. इथं एका वर्षानं बोटभर जागा खाल्लीय. घाईत वाढलेलं झाड आहे हे."

झाडाने घाई कशाला करावी? हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. मराठीच्या प्राध्यापकाने वनस्पतिशास्त्रात नाक खुपसू नये हे खरे. पण वाकलेली फळी ज्याची त्याने चौकशी करायची नाही, तर कोणी करायची?

फळी होती न्यूझीलंडच्या 'रेडिएटा पाइन'ची. तिथले ओंडके जहाजांनी कांडला बंदरात उतरत आले आहेत. शेजारच्या गांधीधामच्या गिरण्यांत ते कापले जातात, आणि त्यांची खोकी, फळ्या, कपाटे होऊन देशभर पसरतात. पण हे झाड मूळचे न्यूझीलंडचेही नव्हे. त्याचे माहेर म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे तीन लहानसे टापू आणि मेक्सिकोच्या हद्दीतली दोन बेटे. माहेरी त्याची फारशी प्रतिष्ठा नव्हती. सासरी मात्र ते असे रुजले, की आज न्यूझीलंडच्या लागवडीच्या वनांत दहांतले नऊ हिस्से याच झाडाचे आहेत.

१९५० नंतरच्या दशकात तिथल्या वनशास्त्रज्ञांनी रानोरान हिंडून उंच, सरळ, जोमदार अशी झाडे हेरली. आपल्याकडे उत्तम आंब्याची कलमे करतात तशी त्यांची कलमे बांधली, त्यांच्या बागा केल्या आणि त्या बागांचे बी लागवडीला दिले. या निवडीला विरळणीची आणि मशागतीची जोड मिळाली. जुन्या लागवडीतली झाडे चाळीस वर्षांनी तोडीला येत. आता ती अठ्ठावीसच्या सुमारास तोडतात. व्यापाऱ्याला याहून काय हवे?

पण इथेच घोडे पेंड खाते. झाडाच्या गाभ्याजवळची पहिली दहाएक वलये म्हणजे त्याचे कोवळे लाकूड. लाकडाच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू गुंडाळलेले असतात. कोवळ्या लाकडात ते स्प्रिंगच्या वेटोळ्यांसारखे तिरके असतात. पुढच्या वलयांत ते उभे होत जातात आणि लाकूड ताठ होते. यात निसर्गाची चूक नाही. लहान रोपाने वाऱ्यात लवायला हवे, मोडायला नको! पण झाड लवकर तोडले की ओंडक्यात या कोवळ्या भागाचाच वाटा मोठा राहतो. जे लवणे रोपट्याचा गुण, तेच फळीचा दोष ठरते.

मग उपाय काय? पुन्हा चाळीस वर्षे थांबायचे? शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. कोवळे लाकूडही सगळ्या कुळांत सारखेच लेचेपेचे नसते. शिवाय लाकडाची घनता ही झाडाच्या जाडीपेक्षा अधिक भरवशाने आईबापांकडून मुलांत उतरते. अडचण एवढीच, की जोमाने वाढणाऱ्या कुळाचे लाकूड बहुधा हलके निघते. वाढही हवी आणि ताठपणाही हवा, म्हणजे वधूवरांच्या पत्रिका जुळवण्याइतकेच हे जिकिरीचे काम!

ताठपणा ओळखायची युक्ती मात्र आपल्या ओळखीची आहे. कलिंगड घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तसे ते ओंडक्यावर ठोका मारतात. लाकूड जितके ताठ, तितका आवाज त्यातून वेगाने जातो. आणखी एक युक्ती तर फारच गमतीची. दोन-एक वर्षांची रोपे ते मुद्दाम तिरकी बांधून वाढवतात. तिरक्या पाइनच्या खालच्या अंगाला विशेष प्रकारचे लाकूड तयार होते, त्यामुळे वरच्या अंगाचे साधे लाकूड वेगळे काढून तपासता येते. बाळाचे पाय पाळण्यात ओळखायचे ते असे!

रोटोरुआ येथे १९४७ साली स्थापन झालेल्या वनसंशोधन संस्थेने (तिला पुढे 'सायन' हे नाव मिळाले; मुंबईकरांनी गोंधळू नये!) २०१७ मध्ये या झाडाच्या जनुकसंचाचा कच्चा आराखडा पुरा केला. हा संच माणसाच्या संचाच्या सुमारे आठपट मोठा आहे. अशा माहितीच्या बळावर रोपाच्या हिरव्या सुयांतूनच त्याच्या भावी लाकडाचा अंदाज बांधायचा प्रयत्न चालतो. हे जनुकांचे कापणे-जोडणे नव्हे. ही निवडच आहे, फक्त अधिक डोळस.

या साऱ्यात मला हुरहूर लावून गेली ती मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटाची हकीकत. तिथल्या रेडिएटाचे लाकूड इतर टापूंतल्यापेक्षा अधिक घन आहे. पण खलाशांनी सोडलेल्या बकऱ्यांची प्रजा त्या बेटावर इतकी माजली, की शंभरांहून अधिक वर्षे तिथले रोपटे मोठे म्हणून होऊ शकले नाही. उरली ती थोडी म्हातारी झाडे. १९७८ मध्ये या सगळ्या मूळ टापूंतून मोठ्या प्रमाणावर बी गोळा केले गेले. नव्या शतकात ग्वादालूपवरून बकऱ्या हटवल्या आणि रोपे पुन्हा डोके वर काढू लागली. ज्या गुणाच्या शोधात प्रयोगशाळा होत्या, तो गुण बकऱ्यांच्या तोंडी जाता जाता वाचला!

मिस्त्रींनी फळीच्या मधोमध एक उभा टेकू ठोकून दिला. खंड पुन्हा जागेवर चढले. निघताना मी त्यांना सांगितले, की तिकडे आता ताठ लाकडाची रोपे निवडतात. ते हसले. "किती दिवसांनी येईल ते लाकूड?"

"तीसएक वर्षांनी," मी म्हणालो.

"मग टेकू राहू द्या," म्हणून त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली.