धुरांड्याची साक्ष

वसई म्हटले की वाचकांना किल्ला आणि सुकेळी आठवतात. रुळांच्या पूर्वेला मात्र वालीव, गोखिवरे, सातिवली अशी छोट्या कारखान्यांची वसई आहे. तिथल्या एका गाळ्यात माझा जुना विद्यार्थी गॅसवरचा बॉयलर सांभाळतो. मराठीत तो जेमतेम पास झाला. वाफेवर मात्र त्याचे प्रभुत्व आहे.

मुंबईतील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला, तेव्हा पुष्कळांना वाटले, गॅस आला की प्रश्न मिटला. हा गडी म्हणाला, ‘‘सर, निळी ज्योतही खोटं बोलते.’’

त्याचे म्हणणे असे. एक घनफूट नैसर्गिक वायू जळायला सुमारे १० घनफूट हवा लागते. तिच्यात प्राणवायू जेमतेम पाचवा हिस्सा. बाकीचा बहुतेक नत्रवायू म्हणजे फुकटचा वऱ्हाडी; आपल्या खर्चाने तापणार आणि धुरांड्यातून चालता होणार! हवा जितकी जास्त, तितके वऱ्हाडी जास्त. बॉयलरच्या धुरात ३ टक्के प्राणवायू उरला, तर हवा गरजेहून सुमारे १५ टक्के जास्त. ८ टक्के उरला, तर निम्म्याहून अधिक. ज्योत दोन्ही वेळा निळीच! बरे, हवा फार आवळावी, तर कार्बन मोनॉक्साइड होतो. या विषाला ना रंग, ना वास.

त्यातून ज्योत अतिशय तापली, की एरवी स्वस्थ असणारा नत्रवायूही प्राणवायूशी संयोग पावतो आणि शहराची हवा बिघडवतो. म्हणून नव्या बर्नरमध्ये हवा टप्प्याटप्प्याने देतात, किंवा थोडा धूरच परत ज्योतीत फिरवून तिचा ताप उतरवतात. धुराच्या उष्णतेवर बॉयलरचे पाणी आधी कोमट करून घेतले, तर आणखी फायदा. धुराचे तापमान २२ अंशांनी उतरले, की इंधनाची साधारण १ टक्का बचत होते.

एवढे करूनही बर्नर एकदा जुळवला, की काम संपत नाही. उन्हाळ्यात हवा विरळ होते. डिसेंबरात नेमकी बसवलेली हवा मे महिन्यात कमी पडू लागते. म्हणून धुरांड्यात नळी घालून वर्षातून निदान दोनदा प्राणवायू मोजावा, असा विद्यार्थ्याचा आग्रह. मालक दारातूनच विचारतात, ‘‘ज्योत निळी आहे ना?’’ आणि गॅसचे बिल मुकाट्याने भरतात.