औषध कंपनीतला कारभारी : 'प्रोग्रॅम मॅनेजर' करतो तरी काय?



आपल्या समाजातली काही मुले-नातवंडे आज औषध कंपन्यांत नोकरीला आहेत. कोणी केमिस्ट, कोणी इंजिनिअर म्हटले की आपल्याला चटकन कळते. पण 'प्रोग्रॅम मॅनेजर', हिब्रूत 'मेनाहेल तोख्नीत', असा हुद्दा ऐकला की वडीलधारी मंडळी विचारतात, "म्हणजे नक्की करतो काय? औषध बनवतो की विकतो?" खरे तर तो दोन्ही करत नाही. तरीही त्याच्या कामावाचून नवे औषध आपल्या कुपत होलीमच्या फार्मसीपर्यंत पोचणे फार कठीण आहे. ते काम कसे चालते ते आम्ही येथे सांगत आहोत.

लग्नघराचेच उदाहरण घ्या. मेंदी लावणारी वेगळी, हजान वेगळे, हॉलवाला वेगळा, जेवणवाला वेगळा. प्रत्येक जण आपापल्या कामात हुशार. पण दिमोनाहून पाहुण्यांची बस तासभर उशिरा येणार आहे हे स्वयंपाक्याला कोण सांगणार? त्यासाठी घरात एखादे काका किंवा मावशी हातात वही घेऊन फिरत असतात. भात त्या शिजवत नाहीत, पण भात कधी चढवायचा ते त्यांनाच ठाऊक असते. औषध कंपनीतला प्रोग्रॅम मॅनेजर म्हणजे हाच वहीवाला कारभारी. फरक इतकाच की लग्न दोन दिवसांत उरकते आणि औषधाला सहसा दहा ते पंधरा वर्षे लागतात.

एवढा वेळ का लागतो, हे आपल्या इस्राएलच्याच एका औषधावरून पाहू. 'तारेशेत नेफोत्सा', म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, या आजारात शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते. रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत मायकेल सेला, रूथ अर्नोन आणि द्वोरा टाइटलबाउम यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस या आजाराच्या अभ्यासासाठी काही कृत्रिम पदार्थ तयार केले. त्यांतला एक पदार्थ जनावरांमधला तशाच प्रकारचा आजार रोखतो असे त्यांना आढळले. त्याचेच पुढे 'कोपाक्सोन' झाले. १९८७ साली ५० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल छापून आला आणि त्याच वर्षी तेवा कंपनीने औषध विकसित करण्याचे हक्क घेतले. २५१ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल १९९५ मध्ये आला. अमेरिकेत परवानगी मिळाली डिसेंबर १९९६ मध्ये. प्रयोगशाळेतल्या पहिल्या कामापासून मोजले तर पाव शतकाहून अधिक काळ झाला.

मधल्या वर्षांत काय करावे लागते? आधी जनावरांवर तपासणी. मग माणसांवर तीन टप्पे : पहिल्यात काही डझन माणसे, बहुधा निरोगी, दुसऱ्यात शेकडो रुग्ण, तिसऱ्यात शेकडो ते हजारो. त्याच काळात कारखाना उभा करायचा. कोपाक्सोन हे चार अमिनो आम्लांच्या लहानमोठ्या साखळ्यांचे मिश्रण आहे. प्रयोगशाळेत थोडेसे बनवणे निराळे आणि हजारो रुग्णांसाठी प्रत्येक घाणा अगदी सारखा उतरवणे निराळे. जिवंत पेशींकडून बनवून घेतलेल्या औषधांत तर हे आणखी अवघड असते. आपल्यातले कित्येक जण घेतात ते इन्सुलिन पूर्वी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून जीवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. आता जिवंत पेशींना खाणे कमी पडले किंवा उष्णता जरा बदलली की औषधही बदलू शकते.

या सगळ्या कामांच्या तारखा एकमेकींत अडकलेल्या असतात. तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू करायची तर त्याआधी पुरेसे औषध तयार पाहिजे. ते टिकते की नाही हे पाहायला नमुने महिनोन्महिने ठेवून तपासावे लागतात. खऱ्या औषधासारखेच दिसणारे, पण औषध नसलेले इंजेक्शनही लागते. प्रत्येक देशाच्या भाषेत लेबल लागते. यातले एक काम दोन महिने मागे पडले की पुढचे सगळे सरकते. कारखान्याच्या माणसाला रुग्णालयातली अडचण दिसत नाही, डॉक्टरला कारखान्यातली दिसत नाही. कारभाऱ्याच्या तक्त्यात मात्र दोन्ही असतात. कोणते काम अडले तर सगळे अडेल, हे रोज पाहणे हेच त्याचे मुख्य काम.

गंमत अशी की यातली बहुतेक माणसे त्याच्या हाताखालची नसतात. शास्त्रज्ञांचा साहेब वेगळा, कारखान्याचा वेगळा. जबाबदारी मोठी आणि हुकूम जवळजवळ कोणावरच नाही. म्हणून या माणसाला गोड बोलणे यावे लागते आणि वेळेवर कडू बोलणेही. "तारीख चुकणार आहे" हे साहेबांना आज सांगितले तर काही उपाय निघतो. सहा महिन्यांनी सांगितले तर फक्त आरडाओरड होते. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी सुमारे एकच शेवटी बाजारात येते. बाकीची वेळीच थांबवावी लागतात. दहा वर्षे खपलेल्या शास्त्रज्ञांसमोर खरे आकडे मांडून "आता थांबण्याचा विचार करू" म्हणायला धीर लागतो. पण गुण नसलेले औषध रुग्णांना टोचत राहण्यापेक्षा ते बरे.

मग कोरोनाची लस एका वर्षात कशी आली, असे आपल्याला वाटेल. फायझर आणि बायोएनटेक यांनी मार्च २०२० मध्ये हातमिळवणी केली आणि डिसेंबरात आपल्या दंडाला सुई लागली. चाचणीत सुमारे ४४,००० माणसे होती. एरवी एकामागून एक होणारी कामे तेव्हा शेजारी-शेजारी चालवली. चाचणीचा निकाल लागण्याआधीच लस बनवायला घेतली. निकाल वाईट आला असता तर सगळा माल फेकावा लागला असता. म्हणजे धोका पत्करला तो पैशाचा. आणि उणे ७० अंशांच्या थंडीत ती लस जगभर पोचवायची, तर विमान, पेटी, बर्फ यांचाही हिशेब आधीच मांडावा लागला.

या कामात कागदपत्रे फार असतात आणि तरुण मंडळी त्याला कंटाळतात. त्यांना आपल्या मुंबईच्या हाफकिन साहेबांची गोष्ट सांगावी. वाल्देमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांचे काम सुटले. पुढे साक्षीपुरावे तपासल्यावर दिसले की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. १९२५ साली त्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिले गेले. कोणती बाटली, कोणी उघडली, कशी उघडली, याची नोंद आज औषधाच्या प्रत्येक घाण्याबरोबर ठेवतात ती अशा अनुभवांतून शिकूनच.

आता आपल्यासाठी दोन शब्द. उद्या रुग्णालयात कोणी तुम्हाला नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेता का, असे विचारले तर घाबरू नका आणि घाईही करू नका. आधी रुग्णालयाच्या हेलसिंकी समितीची परवानगी आहे का ते विचारा. संमतीचा कागद घरी आणा, हिब्रू जड वाटले तर मुलांकडून वाचून घ्या. नको वाटले तर केव्हाही बाहेर पडता येते. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. पण भाग घेतलात तर ठरल्या दिवशी जा, आणि डोके दुखले, चक्कर आली तर "एवढ्याशासाठी काय सांगायचे" म्हणून गप्प बसू नका. तुमची ती चक्कर कोणाच्या तरी वहीत लिहिली जाणार आहे, आणि त्या नोंदीवर पुढच्या रुग्णाचे भले अवलंबून आहे.