पाण्याच्या बाटलीत मासा कुठंय?

अमेरिकेतल्या इलिनॉय नदीत मोटारबोट घरघरली रे घरघरली, की पाण्यातून मासे उड्या मारायला लागतात. तब्बल तीन मीटर उंच! बोटीतल्या माणसांवर येऊन आदळतात आणि चांगलंच लागतं बरं का. हा सिल्व्हर कार्प. आपल्याकडे शेततळ्यात वाढवतात, तोच चंदेरा!

मूळचा हा पूर्व आशियातला. १९७० च्या दशकात तळी स्वच्छ ठेवायला त्याला आणि त्याच्या भाऊबंदाला, बिगहेड कार्पला, अमेरिकेत आणलं. दोघंही निसटून मिसिसिपी नदीत शिरले आणि वर वर सरकत राहिले. पाण्यातले सूक्ष्म जीव ते इतके गाळून खातात, की तिथल्या माशांच्या पिल्लांना कमी पडतात. पुढे होतं भलंमोठं मिशिगन सरोवर. म्हणून सरोवराच्या वाटेवरच्या शिकागोच्या कालव्यात विजेचं कुंपण घातलं. पण ते ओलांडून कुणी गेलंय का, हे कसं ओळखायचं? एवढ्या पाण्यात चारदोन मासे जाळ्यात थोडेच येतात!

नोटर डेम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मासे शोधायचे सोडून पाणीच बाटल्यांत भरलं. दर वेळी फक्त दोन लिटर. मासा पोहताना त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर, कातडीच्या पेशी, विष्ठा असं काहीबाही पाण्यात मिसळतं, आणि त्यात असतो त्याचा डीएनए. पाणी बारीक गाळणीतून गाळलं की तो गाळणीवर उरतो. मात्र असतो अगदी कणभर. मग पीसीआर नावाची क्रिया नेमका कार्पच्याच डीएनएचा तुकडा हेरून त्याच्या नकला काढते. एकाचे दोन, दोनाचे चार... करून बघा गुणाकार! तीस वेळा दुप्पट केलं, की एका तुकड्याचे शंभर कोटींहून जास्त होतात. मला तर ही युक्ती जाळ्यापेक्षा कितीतरी भारी वाटते.

२००९ मध्ये कुंपणापलीकडच्या पाण्यात कार्पचा डीएनए मिळाला. सगळ्यांना लगेच पटलं नाही, आणि शंका रास्तच होती. समजा, एखाद्या पक्ष्यानं कुंपणाअलीकडे मासा खाल्ला आणि पलीकडे जाऊन विष्ठा टाकली, तर? डीएनए आला, पण मासा कुठे आला? शिवाय डीएनए पाण्यात काही दिवस टिकतो, मग विरून जातो. म्हणून एकाच बाटलीवर भागत नाही, पुन्हा पुन्हा पाणी तपासावं लागतं.

जून २०१० मध्ये कुंपणापलीकडच्या कॅल्युमेट सरोवरात एका मच्छीमाराच्या जाळ्यात सुमारे ९ किलोचा बिगहेड कार्प सापडला. मिशिगन सरोवर तिथून जेमतेम १० किलोमीटर होतं.