कोड सगळ्यांचा, वेळ ज्याचा त्याचा

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातली पुढची तारीख बघायची तर वकील मोबाइलवर १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकतात. मागे चालणारं सीआयएस हे सॉफ्टवेअर न्यायालयांच्या ई-कोर्ट्स प्रकल्पासाठी एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पुण्याच्या चमूने ओपन सोर्स साधनांवर बांधलं. देशभरातल्या न्यायालयांना कॉम्प्युटरवर उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमही याच प्रकल्पातून मिळाली. एवढं सगळं रोजच्या वापरात असूनही ओपन सोर्सचं नाव काढलं की दोनच सूर ऐकू येतात. एक, ‘फुकटचं आहे, चालेल तितकं चालेल.’ दुसरा, ‘चालत नाही तर बनवलं काहून?’ बनवणाऱ्याचं आपल्याशी नातं काय, हे दोघांनाही नीट ठाऊक नसतं.

‘हे हौशी पोरांचं फावल्या वेळातलं काम’

अर्धंच खरं. उबुंटूचा गाभा असलेल्या लिनक्स कर्नलमधले बहुतेक बदल इंटेल, रेड हॅट, गूगल अशा कंपन्यांचे पगारी इंजिनिअर करतात. उबुंटूमागे कॅनॉनिकल ही कंपनी आहे. पण उबुंटू ज्या डेबियनवर उभं आहे, तो १९९३पासून स्वयंसेवकांनी चालवलेला प्रकल्प. मुंबईची फ्रापे कंपनी ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड खुला ठेवते आणि होस्टिंग-सपोर्टचे पैसे घेते. एकाच कॉम्प्युटरवर पगारी माणसाचं आणि बिनपगारी माणसाचं काम असं शेजारी-शेजारी नांदतं. म्हणून भांडायला निघण्याआधी समोर कोण आहे हे बघावं. कंपनीशी करार असेल तर खुशाल भांडा.

‘डाउनलोड केलं म्हणजे गिऱ्हाईक झालो’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. ओपन सोर्सचं एमआयटी लायसन्स असो की जीपीएल, दोन्हींत ठळक मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: जसं आहे तसं, कसलीही हमी नाही. वापरायचा, आतला कोड बघायचा, बदलायचा आणि पुढे वाटायचा हक्क मिळतो. लिहिणाऱ्याच्या रविवारवर मात्र हक्क मिळत नाही.

डिसेंबर २०२१मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं. पुढच्याच महिन्यात एका बड्या कंपनीने कर्ल या डेटा पाठवणाऱ्या-आणणाऱ्या ओपन सोर्स साधनाच्या डॅनियल स्टेनबर्ग यांना ईमेल धाडला: तुमच्या उत्पादनावर काय परिणाम झाला, २४ तासांत कळवा. कर्ल सी भाषेत लिहिलेलं, लॉग४जेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता आणि कंपनीने आजवर एक पैसा दिलेला नव्हता. सपोर्टचा करार करा, आनंदाने सगळी उत्तरं देतो, असं स्टेनबर्ग यांनी कळवलं. मला हे उत्तर उद्धट वाटत नाही, रास्त वाटतं.

एक्सझेडचं प्रकरण याहून गंभीर. फाइल दाबून लहान करणारी ही लायब्ररी लासे कॉलिन हे बरीच वर्षं जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. २०२२मध्ये काही अनोळखी नावांनी तगादा लावला: काम फार संथ चाललंय, दुसऱ्या कोणाच्या हाती द्या. कॉलिन यांनी लिहिलं की हा बिनपैशाचा छंद आहे आणि माझी मानसिक प्रकृतीही ठीक नाही. मग ‘जिया टॅन’ या नावाने मदत करणाऱ्याला हळूहळू अधिकार मिळाले. मार्च २०२४मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. खोदत गेल्यावर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेला चोरदरवाजा सापडला. तगादा लावणारी ती नावंही त्याच कटातली असावीत, असा दाट संशय आहे. थकलेल्या माणसाला टोचत राहणं हा निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न का उरत नाही, ते असं.

‘आपल्याला कोडिंग येत नाही, मग आपण काय करणार?’

उलट, मराठी वाचता येणं हीच इथे मोठी पात्रता. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सगळ्यांत अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी करते. तिच्या परदेशातल्या डेव्हलपरला या दोन शब्दांतला फरक नुसत्या डोळ्यांनी कसा कळावा? ‘मराठी नीट दिसत नाही’ या तक्रारीवर तो काहीच करू शकत नाही. कोणता शब्द, कोणता फॉन्ट, कोणती आवृत्ती, कसं दिसलं आणि कसं दिसायला हवं होतं, हे स्क्रीनशॉटसह कळवलं तर करू शकतो.

कधीकधी दोष सॉफ्टवेअरचा नसतोच. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ दाबला तर रफारच येणार. ‘दऱ्या’साठी शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबायची, म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो, मग हलन्त, मग य. निम्मी भांडणं इथेच मिटावीत.

‘ओपन सोर्स आहे, मग पैसे कशाला?’

निम्म्या इंटरनेटचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएल प्रकल्पाला २०१४मध्ये हार्टब्लीड दोष उघड होईपर्यंत वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या. आपल्याकडे झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने २०२४मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला.

पैसे लावण्यासाठी झिरोधाएवढं मोठं असायला हवं असं नाही. धंतोलीतलं एखादं हॉस्पिटल किंवा इतवारीतला ठोक व्यापारी ओपन सोर्सवर हिशेब ठेवत असेल, तर हवा तो बदल गावातल्याच डेव्हलपरला पैसे देऊन करून घेता येतो. लायसन्सने तेवढी मोकळीक दिलेलीच आहे. फक्त तो बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवायला सांगावं. तिथे स्वीकारला गेला तर पुढच्या आवृत्तीत आपसूक मिळतो. स्वतःपाशीच ठेवला तर दर अपडेटला तेच काम पुन्हा आणि तेच बिलही पुन्हा.