हृदयविकाराचा झटका : घाई केव्हा, सबुरी केव्हा?

बँकेत आम्ही दवाखान्यासाठी मुदतठेव मोडणारी माणसे नेहमी पाहतो. म्हणून हा विषय सर्वांनी समजून घेतला पाहिजे.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकली, की झटका येतो व हृदयाचा स्नायू मरू लागतो. अशी अरुंद रोहिणी फुग्याने रुंद करण्याची अँजिओप्लास्टी डॉ. ग्रुंट्झिग यांनी 1977 साली झुरिच येथे प्रथम केली. झटक्यात ती तातडीने झाल्यास जीव वाचतो. परंतु खोडदहून पुणे सुमारे 80 किलोमीटर. दोन तासांत ती होणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच घ्यावे व मग पुण्यास न्यावे. 1988 च्या 'आयसिस-2' या 17,187 रुग्णांवरील संशोधनात स्ट्रेप्टोकायनेज व अ‍ॅस्पिरिन मिळून मृत्यू 42 टक्क्यांनी घटले.

याउलट, केवळ श्रमाने छातीत दुखणाऱ्या स्थिर रुग्णांत, औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी करूनही मृत्यू कमी झाले नाहीत, असे 2007 च्या 'करेज' संशोधनात आढळले. अशा वेळी शेत गहाण टाकण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे, हेही ध्यानात ठेवावे.

मात्र छातीवर दाब, घाम, हातात कळ अशी लक्षणे दिसताच 'गॅस असेल' म्हणून सकाळची वाट पाहू नये. 108 क्रमांकावर फोन करावा आणि ईसीजी काढून घ्यावा.