कूलरमध्ये पाणी भरण्याआधी पिन काढा. भाड्याच्या खोलीत वीज सांभाळायची कशी?

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली भागात नंदुरबार, धुळे, जळगावकडची असंख्य कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहतात. खोली लहान, बोर्ड एकच. त्यावरच पंखा, टीव्ही, फ्रिज, चार्जर आणि उन्हाळा लागला की कूलर. 24 मे 2019 रोजी सरथाणातल्या तक्षशिला आर्केडच्या आगीत 22 जीव गेले, बहुतेक क्लासला आलेली मुलं. एसीच्या युनिटमधलं शॉर्टसर्किट हे कारण तेव्हा पुढे आलं. ती व्यापारी इमारत होती, पण वायर कुठलीही असो, तापायची तशीच तापते.

खोल्यांमध्ये सगळ्यात जपायची वस्तू म्हणजे पत्र्याचा कूलर. आत पाणी, पाण्यात मोटर, बाहेर लोखंडी पत्रा. मोटरच्या वायरचं कव्हर झिजलं की करंट पाण्यात आणि पत्र्यात उतरतो. कूलर मात्र थंड हवा देतच राहतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुणी पाणी भरायला जातं आणि चिकटतं. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बोर्डात फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, तर बटण बंद असूनही आत करंट राहतो. म्हणून पिनच काढायची, मग पाणी भरायचं. हीटरच्या रॉडलाही हेच. पाणी तापलं का, हे चालू रॉडच्या बादलीत बोट घालून बघू नये.

तीन पिनांमधली वरची जाड पिन अर्थिंगची. पत्र्यात उतरलेल्या करंटला ती जमिनीकडे सोपी वाट देते, जास्त करंट वाहतो आणि फ्यूज उडतो. जुन्या चाळीत बोर्डाला ते भोक असतं, पण मागे तार जोडलेलीच नसते! घरमालकाला हे विचारायला लाजायचं कारण नाही. काडी खुपसून उघड्या तारा बसवणं तर बंदच करावं.

एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित, हाही गैरसमज. एमसीबी वायरला वाचवतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याला पडायला लावण्याइतका नसतो. त्यासाठी 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी लागतो. गेलेला आणि परत आलेला करंट यात फरक पडला की तो क्षणात लाईन तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघावं.

एक्स्टेंशन बोर्डाने ताकद वाढत नाही. 6 अँपियरचा सॉकेट 230 व्होल्टवर जेमतेम 1,380 वॅट पेलतो. 1,500 वॅटचा रॉड एकटाच त्याच्यावर जातो. रॉड, गिझर यांना 16 अँपियरचा सॉकेट हवा. खरेदी करताना आयएसआयचा शिक्का बघा. स्टार वीज वाचवण्याचे, सुरक्षिततेचे नव्हेत.

कुणी चिकटलंच तर आधी मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करा, हाताने ओढू नका. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देत राहा आणि 108 लावा. हा नंबर गुजरातेत आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो. आखाजीला गावी निघताना फ्रिज रिकामा करून मेन स्विच बंद करावा.