एका घरात पाच मृत्यू : पोलीस पथक काय शोधतं आणि आपण काय जपायचं

आजचा विषय ऐकायला जड आहे, पण गटाच्या बैठकीत तो कधी ना कधी निघतोच. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यातल्या महागावात, २०२३ साली एकाच कुटुंबातली पाच माणसं वीस दिवसांत गेली. एकामागून एक असे मृत्यू झाले की गावात दोन गोष्टी सुरू होतात. एक कुजबुज, दुसरा तपास. आपण कुणाच्या बाजूने उभं राहायचं, ते आज बोलू.

आधी काय घडलं ते पाहू. २० सप्टेंबरला घरातले नवरा-बायको आजारी पडले. अहेरी, मग चंद्रपूर, मग नागपूर असा दवाखाना झाला. २६ तारखेला नवरा गेला, दुसऱ्या दिवशी बायको. नंतर घरातली आणखी माणसं पडली. ८ ऑक्टोबरला एक, १४ ला एक आणि १५ ला एक मृत्यू झाला. हातापायांना मुंग्या, कंबर आणि डोकं भयंकर दुखणं, ओठ काळे पडणं, जीभ जड होणं अशी लक्षणं सगळ्यांना सारखीच होती. डॉक्टरांना विषाची शंका होती, पण सुरुवातीच्या तपासणीत विष काही सापडलं नाही.

अशा वेळी पोलीस काय करतात? पोलीस अधीक्षक नीलोत्पल यांनी वेगवेगळी पथकं नेमली. आता जरा विचार करा. रोग असता तर शेजारीपाजारीही पसरला असता. विहिरीचं पाणी खराब असतं तर वाडीच आजारी पडली असती. इथे तसं नव्हतं. उलट या कुटुंबाला दवाखान्यात नेणारा गाडीचा चालक आजारी पडला. मदतीला आलेला एक नातेवाईक आजारी पडला. दिल्लीहून आलेला मोठा मुलगाही आजारी पडला. सुदैवाने हे तिघं वाचले. चालक काही त्या घरात राहत नव्हता. म्हणजे दोष घरात किंवा जागेत नाही, कुणी काय खाल्लं-प्यालं त्यात आहे. मग प्रश्न उरतात ते असे : प्रत्येक वेळी ते कुणाच्या हातून आलं? सगळ्यांच्या जवळ असूनही कोण आजारी पडलं नाही?

१८ ऑक्टोबरला पोलिसांनी घरातली सून आणि नात्यातली एक बाई अशा दोघींना अटक केली. जेवणातून आणि पाण्यातून विष दिलं, एकीचा सासरच्या टोमण्यांवरचा राग होता आणि दुसरीचा जमिनीच्या वाट्याचा वाद होता, असं पोलिसांचं म्हणणं आहे. हा आरोप आहे. दोष ठरवायचं काम न्यायालयाचं, म्हणून इथे कुणाचंही नाव घेतलेलं नाही.

या प्रकरणात थॅलियम या विषाचं नाव पुढे आलं. हा एक जड धातू आहे. त्याच्या क्षाराला रंग नाही, वास नाही, चव नाही. पूर्वी ते उंदीर मारायला वापरत. ते अंगात गेलं की आधी पोट बिघडतं, मग पायांची आग होते, मुंग्या येतात आणि दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात. लक्षणं दुसऱ्याच आजारासारखी दिसतात आणि नेहमीच्या तपासणीत ते येत नाही, म्हणून डॉक्टरही चकतात. लघवीच्या खास तपासणीत ते सापडतं. वेळेत कळलं तर त्यावर औषध आहे.

आता कुजबुजीकडे वळू. १९६८ साली मुंबईत रात्री फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांचे खून होत होते. खुनी रूप बदलतो, मांजर होतो अशा अफवा उठल्या होत्या. शेवटी रमाकांत कुलकर्णी यांच्या हाताखालच्या पोलिसांनी रामन राघव याला पकडलं. पूर्वीच्या अटकेतले बोटांचे ठसे जुळले आणि ओळख पक्की झाली. पकडला गेला तो हाडामासाचा माणूस.

आपल्याकडे मात्र अफवेने जीव जातात. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका माणसाला जिवंत जाळलं. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, की बोट दाखवायला एखादी एकटी, विधवा नाहीतर म्हातारी बाई सापडते. म्हणून सांगते, खऱ्या कारणाचा तपास झाला तर निर्दोष बाईही वाचते. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणा विरोधी कायदा आहे. त्यात सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग आपण काय करायचं?

एक, एका घरात दोघांना-तिघांना एकदम सारखा त्रास झाला तर पुजाऱ्याकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. कोणी काय खाल्लं, कुठलं पाणी प्यालं, कोणाला किती वाजता त्रास सुरू झाला, ते आशाताईला आणि डॉक्टरला सांगा.

दोन, भांडी लगेच घासू नका. उरलेलं अन्न, पाण्याची बाटली, औषधाची पुडी झाकून वेगळी ठेवा. लेकरांचा हात लागू देऊ नका.

तीन, मृत्यू संशयाचा वाटला तर घाईने माती देऊ नका, अग्नीही देऊ नका. पोलीस पाटलाला सांगा, ११२ ला फोन करा. शवविच्छेदनात जठर, यकृत, मूत्रपिंडाचे तुकडे सीलबंद बरणीत प्रयोगशाळेत जातात. त्याला व्हिसेरा म्हणतात. सील तुटलं तर पुरावा ढिला पडतो. आणि शरीरच राहिलं नाही, तर पुरावा मिळणं फार कठीण होतं.

चार, तक्रार दिली तर एफआयआरची प्रत मागून घ्या. ती फुकट मिळते.

पाच, घराघरात सून म्हणजे संशय असं करू नका. महागावच्या बातम्यांनंतर सुनेच्या हातचं पाणी नको अशी थट्टा आपणही ऐकली असेल. ती थट्टा तिथेच थांबवा. पण घरात छळ, टोमणे, वाट्यावरून भांडण धुमसत असेल तर ते झाकूनही ठेवू नका. ज्या बाईला सांगायला जागा मिळते, तिच्या मनात विष साठत नाही. त्यासाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी आहेत, आणि आपला गट आहेच.

वैनगंगेच्या काठची आपली गावं लहान आहेत. इथे कोणाच्या घरी चूल पेटली नाही तेही सांजेपर्यंत कळतं. हीच नजर संशय पसरवायला न वापरता, वेळेत मदत पोचवायला वापरू. पुढच्या बैठकीत गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर १०८, ११२ आणि १८१ हे तीन नंबर मोठ्या अक्षरात लिहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून तोंडपाठ करून घ्या.